बटण आणि खटका: सिम्युलेटरच्या विमानाला खरे स्विच जोडताना

घरात भिंतीवरच्या स्विचला आपण बटण म्हणतो आणि दारावरच्या बेललाही बटणच म्हणतो. “पंख्याचं बटण बंद कर” म्हणा नाहीतर “बेलचं बटण दाब” म्हणा, ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. सिम्युलेटरमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या, विमानाला खरे स्विच जोडायला बसलं की मात्र हाच एक शब्द आडवा येतो. म्हणून या लेखापुरती फोड करून घेऊ. दाबलं की आत जातं आणि बोट काढलं की परत वर येतं, ते बटण. वर किंवा खाली केला की तिथेच बसून राहतो, तो खटका. जुनी माणसं दिव्याचा खटकाच म्हणायची. तो शब्द इथे फार कामाचा आहे.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. माझी भाची मिरजेला असते. ती यंदा बारावीला आहे आणि तिला पायलट व्हायचंय. कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या कॉम्प्युटरवर उडवलेला एकही तास त्यात धरत नाहीत. तरीही कुठला स्विच कुठे आहे, कशानंतर काय करायचं, हे हाताला आधीच ठाऊक असलं तर खऱ्या विमानातला महागडा तास शोधाशोधीत जात नाही. माउसने पडद्यावर टिचक्या मारून हाताला ही सवय लागत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी प्लायवुडच्या तुकड्यावर सेसना १७२ चं स्विच पॅनेल उभं केलं. प्रशिक्षणात सर्रास वापरलं जाणारं हे चार जणांचं छोटं विमान आहे.

पहिल्या संध्याकाळी सगळं जोडलं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर विमान उभं केलं. लँडिंग लाइटचा खटका तिने वर केला, पडद्यावर दिवा लागला. खाली केला, दिवा तसाच. परत वर केला तर दिवा विझला.

“मामा, वायर उलटी लागली का?”

वायर बरोबर होती. मल्टिमीटर लावून पाहिलं, कंटिन्युइटीचा बझर जिथे वाजायला हवा तिथेच वाजत होता. दिव्याने जे केलं ते सिम्युलेटरच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. हा प्रकार नीट उलगडला, तर बाकीचं निम्मं काम आपोआप समजतं.

कॉम्प्युटरला यूएसबीवरून जोडलेली जॉयस्टिक स्विचबद्दल दोनच गोष्टी सांगू शकते: अमुक बटण दाबलं गेलं, अमुक बटण सुटलं. तिच्या शब्दकोशात खटका हा शब्दच नाही. आपण खटका वर केला की तिला वाटतं बटण दाबलं. खटका वरच राहिला, म्हणजे कुणीतरी बटण दाबूनच धरलंय. खटका खाली आला, म्हणजे बटण सुटलं. आता सिम्युलेटरमध्ये त्या बटणाला जो हुकूम आम्ही नेमून दिला होता, तो होता ‘टॉगल’, म्हणजे दिवा असेल तर विझव, नसेल तर लाव. हा हुकूम फक्त दाबताना सुटतो. सोडताना काहीच होत नाही. म्हणून पहिल्यांदा वर केल्यावर दिवा लागला, खाली आणताना काही घडलं नाही, आणि दुसऱ्यांदा वर केल्यावर लागलेला दिवा विझला.

टॉगलचा स्वभाव ओळखायचा असेल तर घरातला जिना आठवा. खाली एक स्विच, वर एक स्विच, मधे दिवा. कुठलाही दाबा, दिव्याची अवस्था पालटते. स्विच वर आहे की खाली, यावरून दिवा चालू आहे की बंद, हे कधीच सांगता येत नाही, मान वर करून दिव्याकडेच बघावं लागतं. जिन्यात हे चालतं. विमानात स्विचच्या दांडीवरून बोट फिरवून अवस्था कळायला हवी, त्यामुळे तिथे चालत नाही.

याला उत्तर आपल्याकडे प्रत्येक विहिरीवर टांगलेलं आहे. शेतातल्या मोटरचा स्टार्टर घ्या. हिरवं बटण, लाल बटण. हिरवं दाबलं की आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढला जाणारा मोठा स्विच, खट्‌कन ओढला जातो आणि बोट काढलं तरी ओढलेलाच राहतो. मोटर चालू आहे ही गोष्ट कॉन्टॅक्टर लक्षात ठेवतो, बटणाला त्यातलं काही ठाऊक नसतं. हिरवं दहा वेळा दाबा, मोटर चालूच. लाल दहा वेळा दाबा, बंदच. चुकून दोनदा दाबलं तरी उलटं काही होत नाही. सिम्युलेटरमध्येही असे हिरवे-लाल हुकूम असतात. ‘लँडिंग लाइट टॉगल’च्या यादीतच ‘लँडिंग लाइट ऑन’ आणि ‘लँडिंग लाइट ऑफ’ हे दोन वेगळे हुकूम सापडतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आहेत, एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही आहेत.

मग युक्ती अशी. एका खटक्याची दोन बटणं करायची. खटका वर गेला की १ नंबरचं बटण क्षणभर दाबून सोडल्याचं कॉम्प्युटरला कळवायचं, आणि त्याला ‘ऑन’ नेमायचं. खटका खाली आला की २ नंबरचं बटण क्षणभर दाबायचं, त्याला ‘ऑफ’ नेमायचं. प्लायवुडवर खटका एकच, वायरही एकच. फोड होते ती मधल्या छोट्या बोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये.

हा मधला बोर्ड म्हणजे आर्डुइनो लिओनार्डो किंवा त्याचा धाकटा भाऊ प्रो मायक्रो. दोन्हीत एटीमेगा ३२यू४ ही चिप असते आणि ती स्वतःच यूएसबी बोलते, त्यामुळे कॉम्प्युटरला “मी जॉयस्टिक आहे” असं सांगू शकते. शाळा-कॉलेजांत जास्त दिसणारा आर्डुइनो उनो हे सरळ मार्गाने करू शकत नाही, कारण त्यावर यूएसबीचं काम दुसरीच चिप बघते. घरात उनो पडून आहे म्हणून त्याच्यावरच सुरुवात केली, तर आठवडा वाया जातो. विंडोजची जुनी डायरेक्टइनपुट पद्धत एका जॉयस्टिकची १२८ पर्यंत बटणं ओळखते, त्यामुळे एकाची दोन करायला मुबलक जागा आहे. फक्त एक लक्षात ठेवा. विंडोजमध्ये जॉयस्टिक तपासायची जी छोटी खिडकी उघडते, तिच्यात ३२ दिवेच दिसतात. तेहतिसावं बटण दाबून तिथे काही दिसलं नाही, म्हणून वायर उपटू नका.

आता बटण ‘क्षणभर’ दाबायचं म्हणजे किती? सिम्युलेटर चित्र काढतो सेकंदाला समजा ३० वेळा, म्हणजे एका चित्राला साधारण ३३ मिलिसेकंद. बरेचदा तो बटणांकडे प्रत्येक चित्रामागे एकदाच बघतो. आपण ५ मिलिसेकंदांत दाबून सोडलं, तर त्याने बघेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. आम्ही ५० मिलिसेकंद ठेवले. कॉम्प्युटर जुना असेल आणि चित्रं अडखळत येत असतील, तर आणखी वाढवावे लागतात.

एक प्रश्न तरी उरतोच. भाचीने काल रात्री खेळ बंद केला तेव्हा बीकनचा, म्हणजे विमानावरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचा, खटका वर राहिला होता. आज सिम्युलेटर उघडला, विमान थंड, सगळं बंद. पॅनेलवर खटका वर, पडद्यावर बीकन बंद. खटका हलल्याशिवाय बोर्ड काही बोलतच नाही, मग सिम्युलेटरला कळणार कसं? बरेच जण म्हणतात, एकदा खाली-वर करून घ्यायचं. चालतं तेही. पण मला हे पटत नव्हतं, कारण खऱ्या विमानात बसणारा माणूस खटके विनाकारण हलवत नाही. आधी बघतो. म्हणून आम्ही पॅनेलच्या कोपऱ्यात एक काळं पुश बटण बसवलं आणि त्याला नाव दिलं हजेरी. ते दाबलं की बोर्ड पहिल्या खटक्यापासून शेवटपर्यंत एकेकाची खरी अवस्था कळवत जातो: बॅटरी ऑफ, अल्टरनेटर ऑफ, बीकन ऑन… शाळेत बाई पट घेऊन नावं पुकारतात तसं. हिरव्या-लाल हुकमांचा फायदा इथे पुन्हा दिसतो. जो आधीच जुळलेला आहे त्याला परत ‘ऑन’ सांगितलं तरी काही बिघडत नाही. टॉगल वापरला असता, तर हजेरी घेताच सगळं उलटंपालटं झालं असतं.

आता थोडं वायरिंग. हे ज्यांना रोजचं आहे त्यांनी पुढे सरकावं, पण घरी पहिल्यांदाच सोल्डरिंग करणाऱ्यासाठी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली: बोर्डाची रिकामी पिन (वायर जोडायची जागा) म्हणजे शून्य नव्हे. तिला काहीच जोडलेलं नसलं तर ती वाऱ्यावर असते. शेजारून जाणाऱ्या लाइटच्या वायरने किंवा तुमचं बोट जवळ आल्यानेही तिचं मत बदलतं. बँकेच्या काचेच्या दाराला वर यंत्र असतं, कुणी धरलं नाही की दार आपोआप मिटतं. पिनेला तसंच काहीतरी लागतं. त्यासाठी चिपच्या पोटातच एक रेझिस्टर असतो, तो प्रोग्रॅममधून चालू करता येतो. मग कुणी हात लावला नाही तर पिन ५ व्होल्टकडे ओढलेली राहते, आणि खटका लागला की ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकते. म्हणजे खटका लागलेला असताना पिन शून्य वाचते आणि सुटलेला असताना एक. उलटं वाटतं, पण सवय होते. फायदा असा, की सगळ्या खटक्यांचं एक टोक एकाच ग्राउंडच्या वायरने लूप करत नेता येतं. पॅनेलवाले कॉमन फिरवतात, अगदी तसंच.

दुसरी गोष्ट: संपर्क जुळताना थरथरतो. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की एकदम गप्प बसत नाही. टण् होतं, मग टणटणटण करत थांबतं. खटक्याच्या आतल्या पत्र्या तशाच आदळून काही मिलिसेकंद उडत राहतात. आपल्या कानाला एकच खट्‌ ऐकू येतो, बोर्डाला चार-पाच वेळा लागल्या-सुटल्याचं दिसतं. त्यामुळे बदल दिसताच उत्तर द्यायचं नाही, २० मिलिसेकंद थांबून परत बघायचं. अजून तसाच असेल तरच खरं धरायचं.

साध्या दोन अवस्थांच्या खटक्याचं इथे संपलं. तीन अवस्थांचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. एअरबस ए३२० मध्ये स्ट्रोब, म्हणजे लखलखणाऱ्या पांढऱ्या दिव्यांचा स्विच ऑफ, ऑटो आणि ऑन असा असतो. बाजारात मिळणाऱ्या तीन ठोक्यांच्या टॉगल स्विचला पाय तीनच: मधला कॉमन, आणि एकेक बाजूचा. दांडी मध्यावर असताना कॉमन कुणालाच जोडलेला नसतो, म्हणजे मधल्या अवस्थेची स्वतःची वायरच नाही. ती ओळखायची ती दोन्ही बाजू गप्प आहेत यावरून. इथे घाई नडते. दांडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झटक्यात नेली तरी ती मधून जातेच, आणि बोर्ड क्षणभर “ऑटो” असं ओरडतो. स्ट्रोबच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही.

मॅग्नेटोच्या बाबतीत बिघडतं, आणि ते आम्ही अनुभवलं. सेसनाची किल्ली पाच ठिकाणी थांबते: ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ आणि स्टार्ट. इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात, आणि उड्डाणाआधी मिनिटाला १८०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून एकेक मॅग्नेटो एकट्याने काम करतो का, ते तपासतात. आम्ही किल्लीच्या जागी साधा रोटरी स्विच लावला होता. त्याला स्प्रिंग नसते, म्हणून स्टार्टसाठी वेगळं पुश बटण बसवलं. एक पिन वाचावी म्हणून मी ऑफला वायरच दिली नाही. कुणीच जोडलेलं नसेल तर ऑफ समजायचं, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं. भाचीने तपासणी करताना बोथवरून लेफ्टवर आणलं की दर वेळी इंजिन अडखळायचं. आधी तिला वाटलं विमानातच मॅग्नेटो खराब दाखवलाय, आणि ती मन लावून तक्त्यात त्याचं कारण शोधत बसली.

खराबी माझ्या बचतीत होती. रोटरी स्विच एक संपर्क सोडतो आणि मगच पुढचा पकडतो. मधल्या त्या निमिषात काहीच जोडलेलं नसतं, म्हणजे माझ्या नियमाने ऑफ. बोर्ड इमानदारीने सिम्युलेटरला कळवत होता, दोन्ही मॅग्नेटो बंद. मी ऑफलाही स्वतंत्र वायर दिली आणि नियम बदलला: काहीच जोडलेलं नसेल तर आधीचीच अवस्था धरून ठेवायची, नवा संपर्क मिळाल्यावरच बोलायचं. तेव्हापासून इंजिन नीट चालतं. कुठल्याही फिरत्या स्विचला हा नियम लावावा असं माझं ठाम मत आहे.

फ्लॅप्सची गोष्टही अवस्थेचीच. फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग. या विमानाचे फ्लॅप्स शून्य, १०, २० आणि ३० अंशांवर थांबतात. सिम्युलेटरमध्ये ‘फ्लॅप्स एक पायरी वाढव’ आणि ‘एक पायरी कमी कर’ असे हुकूम पटकन सापडतात. एक पायरी हुकली, तर दांडी २० वर आणि फ्लॅप्स १० वर, आणि पुढे उतरेपर्यंत हा फरक तसाच. ‘फ्लॅप्स या पायरीवर ठेव’ हे हुकूम यादीत थोडे खाली असतात, तेच शोधून लावा. दांडीच्या प्रत्येक थांब्यावर एक छोटा लिमिट स्विच पुरतो.

फ्लॅप्सच्या दांडीला भाची साधा गोल मणी लावणार होती. मी तिला बी-१७ ची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या या बॉम्बफेकी विमानाचे पायलट सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर फ्लॅप्स वर घ्यायला जात आणि चुकून चाकं वर घेत. विमान पोटावर बसायचं. चांगले, शिकलेले पायलट असं का करतात, याचा शोध घ्यायला अल्फोन्स चॅपॅनिस हे मानसशास्त्रज्ञ नेमले होते. त्यांनी पाहिलं, की दोन्हींचे स्विच अगदी सारखे आणि शेजारीशेजारी आहेत. दमलेल्या माणसाच्या बोटांना फरक कळणार कसा? त्यांनी चाकांच्या स्विचवर छोटं रबरी चाक आणि फ्लॅप्सच्या स्विचवर पाचरीसारखा तुकडा बसवला, आणि ती चूक थांबली. आजही विमानांच्या नियमांत चाकांच्या दांडीचं टोक चाकासारखं आणि फ्लॅप्सचं टोक पंखाच्या तुकड्यासारखं असावं, असं लिहिलेलं आहे. सेसना १७२ ची चाकं कायम बाहेरच असतात, त्यामुळे आमच्या पॅनेलवर तो स्विच नाही. पण फ्लॅप्सच्या टोकाला आम्ही पट्टी कानस घेऊन घासून, चपटा, पंखाच्या आकाराचा सागवानी तुकडा बसवला. त्याला अर्धा दिवस लागला.

ट्रिमचं चाक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली धरून ठेवायला हाताचा जोर लागू नये म्हणून फिरवतात ते, या सगळ्यांहून वेगळ्या स्वभावाचं. त्याला रोटरी एन्कोडर लागतो. तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा दिसतो, पण कुठेच अडत नाही, गोल गोल फिरतच राहतो. आत दोन संपर्क असतात, एकमेकांच्या किंचित मागेपुढे. कुठला आधी लागला यावरून दिशा कळते. आपण नेमके कुठे आहोत हे एन्कोडरला कधीच ठाऊक नसतं, आणि ट्रिमला त्याची गरजही नाही. “थोडं वर, अजून थोडं वर” एवढं पुरतं. म्हणजे आतापर्यंत ज्या ‘अवस्था नको, काय घडलं तेवढंच सांग’ अशा टॉगलच्या भाषेला मी नावं ठेवली, तीच इथे योग्य. दोन गोष्टी सांभाळा. बऱ्याच एन्कोडरमध्ये हाताला जाणवणाऱ्या एका टिचकीत संपर्क चारदा बदलतात, त्यामुळे प्रोग्रॅमने चार बदलांना एक मोजायला हवं. आणि चाक भरकन फिरवलं तर ५० मिलिसेकंद दाबा, ५० सोडा अशी रांग लागते. वीस टिचक्या अर्ध्या सेकंदात दिल्या, तर रांग संपायला दोन सेकंद. हात थांबलेला आणि पडद्यावरचं चाक अजून फिरतंय, असं दिसतं.

थ्रॉटल (इंजिनाचा जोर) आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) यांच्यासाठी पोटेन्शिओमीटर, म्हणजे हलवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर, १० किलोओहमचा, आणि ‘बी’ अक्षराचा, म्हणजे सरळ चढणारा. आवाज कमी-जास्त करायला वापरतात तो ‘ए’ अक्षराचा घेऊ नका, तो सुरुवातीला झोपतो आणि शेवटी उसळतो. बोर्ड त्याचं वाचन ० ते १०२३ असं देतो, पण खेचून टोकाला नेला तरी आकडा बरोबर शून्यावर येईलच असं नाही. दोन्ही टोकांचा थोडा भाग प्रोग्रॅममध्ये कापून टाकला, की थ्रॉटल पूर्ण मागे म्हणजे खरोखर पूर्ण मागे होतो.

मग पिनांचा हिशेब. मास्टरचे दोन लाल भाग, बॅटरी आणि अल्टरनेटर. एव्हिऑनिक्सचे, म्हणजे रेडिओ वगैरे उपकरणांचे, दोन. फ्युएल पंप, बीकन, लँडिंग, टॅक्सी (जमिनीवर चालवतानाचा दिवा), नॅव्ह (पंखांच्या टोकांवरचे दिवे), स्ट्रोब, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर). हे झाले अकरा. मॅग्नेटोचे चार आणि स्टार्ट मिळून पाच, फ्लॅप्सचे चार. वीस. वर एन्कोडरच्या दोन पिना, पोटेन्शिओमीटरच्या दोन आणि हजेरीचं बटण. एकूण पंचवीस, आणि प्रो मायक्रोवर पिना अठरा.

इथे जाळी कामाला येते. चार आडव्या वायरी, पाच उभ्या, आणि प्रत्येक चौकात एक खटका. वीस खटके नऊ पिनांत बसतात. बोर्ड एका वेळी एकाच आडव्या गल्लीत हाक मारतो आणि कुठल्या उभ्या गल्लीतून ओ येते ते ऐकतो. कीबोर्ड असाच चालतो. पण कीबोर्डवर एका वेळी एखाद-दुसरी कळ दाबलेली असते. आपल्या पॅनेलवर विमान हवेत असताना सात-आठ खटके एकदम लागलेले असतात, तेही तासभर. जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे खटके लागले, की वीज त्या तिघांतून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यावर पोहोचते, आणि कुणी न लावलेला चौथा खटका लागल्यासारखा दिसतो. पिटो हीट आपोआप चालू! यावर उपाय एकच: प्रत्येक खटक्याबरोबर एक डायोड, म्हणजे प्रत्येक चौकात वन-वे. १एन४१४८ हा काचेचा चिमुकला डायोड चालतो. त्याच्यावरच्या काळ्या पट्टीची बाजू सगळीकडे एकाच दिशेला ठेवा. वीसच्या वीस लावा. “हा खटका कधीतरीच लागतो, याला नको” असं करू नका, मागाहून शोधताना डोळे दुखतात.

आतापर्यंत सांगितलेला सगळा मार्ग पोस्टकार्डाचा झाला: बोर्ड कळवतो, सिम्युलेटर वाचतो, उलट उत्तर येत नाही. फोनचाही मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरशी थेट बोलायची सोय सिमकनेक्ट या नावाने आहे, ती २००६ च्या एफएसएक्सपासून, म्हणजे त्याच सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्तीपासून, चालत आली आहे. एक्स-प्लेनमध्ये डेटारेफ नावाच्या नोंदी असतात, आणि फुकट मिळणाऱ्या फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये विमानाची प्रत्येक अवस्था एका झाडासारख्या यादीत उघड मांडलेली असते. मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर बोर्ड आणि सिम्युलेटर यांच्यामध्ये दुभाषाचं काम करतं. या मार्गाने “दिवा चालू आहे का?” असं विचारता येतं, पॅनेलवर खरे एलईडी लावता येतात, आणि एन्कोडरची रांगही टळते, कारण “वीस पायऱ्या वर” हे एका वाक्यात सांगता येतं. फ्लाइटगिअर मला विशेष आवडतो. त्याची यादी उघडी ठेवून खटका हलवला, की कुठला आकडा बदलला ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि शिकणाऱ्याला याहून चांगलं पुस्तक नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली मोठी, तपशीलवार विमानं आपल्या स्विचची नोंद कधी कधी स्वतःच्याच खासगी वहीत ठेवतात. तिथे नेहमीचा ‘लँडिंग लाइट ऑन’ पोहोचतच नाही. सेसनावर चाललेलं पॅनेल दुसऱ्या विमानात मुकं झालं तर आधी त्या विमानाचे स्वतःचे हुकूम शोधा, मग वायरकडे बघा.

परवा रविवारी मिरजेला गेलो तेव्हा भाचीने डोळ्यांना ओढणी बांधली आणि मला नावं पुकारायला सांगितली. मी म्हणायचं, तिने चाचपून खटका लावायचा, आणि मी पडद्यावर बघायचं. मास्टर, बीकन, नॅव्ह, फ्लॅप्स १०, सगळं बरोबर. लँडिंग म्हटलं तर बोट टॅक्सीवर गेलं. थोड्या वेळाने परत म्हटलं, परत टॅक्सी. दोन्ही शेजारीशेजारी, एकाच मापाचे.

म्हटलं, “मधे एक भोक सोडून लांब बसवतो. दहा मिनिटांचं काम आहे.”

“नको मामा, खऱ्या विमानात शेजारीच आहेत,” ती म्हणाली. बीकनच्या खटक्यावर बोट ठेवून एक, दोन असं मोजत तिने हात उजवीकडे सरकवला, आणि म्हणाली, “परत पहिल्यापासून घ्या. आधी हजेरी.”